पुण्याहून येणारा माणूस

"देवरे मॅडमच्या प्रोजेक्टवर पुण्याहून बाहेरचा माणूस येणार आहे. सगळे कागद तपासणार, बोट ठेवून एकेक चूक काढणार. आणि मग बघा भाऊ, कोणाला तरी नक्की घरी..."

इथे मी पट्टा चढवला आणि गिरणी सुरू झाली.

माझ्या हातून आजवर जे काही घोटाळे झाले, त्यातला हा सगळ्यात मोठा, आणि तो इथून सुरू होतो. पिठाची गिरणी चालवणाऱ्याला जगातली प्रत्येक बातमी अर्धीच कळते. डबा घेताना गिऱ्हाईक बोलायला लागतं, ऐन रंगात येतं, तेवढ्यात मागची रांग ओरडायला लागते. मग दळण ओतायचं, पट्टा चढवायचा, आणि पुढचं सगळं गहू-ज्वारीबरोबर आत जातं. उरलेली अर्धी बातमी मी मनाने पुरी करतो. वीस वर्षांच्या सवयीने त्यात मी चांगला तयार झालो आहे, असं माझं मत होतं.

हे सांगत होता तो काशिनाथ, मॅडमच्या कॉलेजातला शिपाई. मोटार थांबवून मी "घरी काय, घरी काय?" करत बाहेर येईपर्यंत त्याने डबा सायकलला बांधला होता आणि तो कोपऱ्यावरून वळला होता.

आत रत्ना, म्हणजे आमची मंडळी, पीठ चाळत होती. तिला म्हटलं, "ऐकलंस? मॅडमना घरी बसवणार आहेत."

"असं तो म्हणाला?"

"अर्धं म्हणाला. बाकीचं समजायचं असतं."

"उद्या विचारा त्याला नीट."

उद्या! शेजारचं घर पेटलेलं असताना कोणी उद्या विचारतं का?

देवरे मॅडम म्हणजे आमच्या शेजारच्या. जळगावात आमची कॉलनी नवी नवी होती तेव्हा गिरणीच्या भिंतीला लागून त्यांनी दोन खोल्या बांधल्या. मूळच्या चोपड्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. कॉलेजात शिकवायच्या, पुढे डॉक्टर झाल्या, सुई टोचणाऱ्या नव्हे, पुस्तकाच्या. मी सातवी नापास. पण त्या बाईने कधी मला ते जाणवू दिलं नाही. दळणाचा डबा स्वतः आणायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या. मी म्हणायचो, "मॅडम, तुम्ही ठेवून जा, मी पोचवतो." तर म्हणायच्या, "माझ्या आधी चार जणी आहेत, प्रभाकरभाऊ." असं माणूस.

तेव्हा जळगावला विद्यापीठ नुकतंच आलेलं. त्या विद्यापीठाने मॅडमना एक संशोधनाचं काम दिलं. विषय काय, तर खेड्यातल्या बाईचा दिवस. बाई किती वाजता उठते, पाण्याला किती वेळ जातो, सरपणाला किती, जेवते कधी, टेकते कधी, घरातलं कोणी हात लावतं का. सात गावं निवडायची, प्रत्येक गावात चाळीस घरं, आणि एकेका बाईचा एकेक फॉर्म. मला पहिल्यांदा वाटलं, यात शोधायचं काय? पहाटे आमच्या गल्लीत उभं राहिलं तरी दिसतं. पण मॅडम म्हणाल्या, "दिसतं सगळ्यांना, भाऊ. लिहून कोणी ठेवलेलं नाही." मला ते पटलं.

एकट्या बाईने हे कसं करायचं? मग काही कामं बाहेरच्यांना द्यायची. फिरायला भाड्याची जीप. घरोघर जाऊन फॉर्म भरायला धुळ्याच्या एका संस्थेच्या चार मुली. आकडे चढवायला धुळ्यातलाच एक कॉम्प्युटरवाला. आणि हे काही असंतसं ठरवायचं नाही. प्रत्येक कामाला तीन जणांकडून भाव मागवायचे, लेखी, मग त्यातला एक निवडायचा, आणि का निवडला तेही लिहायचं.

जीपचं ऐकल्यावर मी म्हटलं, हे माझ्यावर सोडा. माझ्या चुलतभावाची जीप आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन लेखी भाव मॅडमच्या हातात. मॅडमनी तिन्ही कागद ओळीने टेबलावर मांडले आणि एकेकावरून बोट फिरवलं.

"भाऊ, हे तिन्ही एकाच माणसाने लिहिलेत."

"पण नावं तीन आहेत."

"शाई एक आहे, आणि तिघांनीही 'जीप'ला दुसरी वेलांटी विसरून पहिली दिली आहे."

"मॅडम, काम तर एकालाच द्यायचंय ना? मग बाकीच्या दोघांना कशाला तसदी?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "तीन भाव म्हणजे तीन माणसं, भाऊ. एकाच माणसाच्या तीन सह्या नव्हेत." आणि छत्री घेऊन उन्हात बाहेर पडल्या. तीन गॅरेजं फिरल्या, तीन कागद आणले. चुलतभावाला काम मिळालं नाही. तो माझ्याशी महिनाभर बोलत नव्हता, पण मला आतून मॅडमचा अभिमानच वाटला.

अशा बाईला पुण्याचा माणूस येऊन घरी बसवणार?

आता बाहेरचा माणूस म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे दरवर्षी वजनमापवाले साहेब येतात. ते यायच्या आदल्या दिवशी आम्ही काटा पुसतो, वजनं चिंचेने घासतो, भिंतीवरचं पीठ झाडतो, आणि साहेब येऊन गेले की मोकळा श्वास घेतो. खेड्यातही तेच. मोठे साहेब येणार म्हटलं की रस्त्याच्या कडेला चुना पडतो, शाळेतल्या पोरांची नखं कापली जातात. बाहेरचा माणूस आला की त्याला सगळं चांगलं दाखवायचं. ही काय लबाडी झाली? ही आपली रीत आहे. पाहुण्याला कोणी फुटक्या कपात चहा देतं का?

पुण्याचा माणूस कागद तपासणार. कागद म्हणजे फॉर्म. मॅडमची सहा गावं झाली होती, ती माझ्या हातात नव्हती. सातवं राहिलं होतं, आणि ते होतं शिंदखेड्याकडचं, माझ्या बहिणीचं सासर. गाव मीच सुचवलं होतं. मंगळवारी धुळ्याच्या मुली तिथे जाणार होत्या. काशिनाथ बोलला शनिवारी.

रविवारी गिरणी बंद ठेवून मी धुळ्याच्या एसटीत बसलो. रत्नाला सांगितलं, अक्काची आठवण आली.

"काल रात्रीपर्यंत आली नव्हती," रत्ना म्हणाली.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दारात मला बघून तिने आधी माझ्या हातातली पिशवी बघितली, मग तोंड.

"परभाकर, तू कसाले उना रे? सण नही, वार नही."

मी का आलो ती सगळी हकीकत सांगितली. मॅडम कशा चांगल्या, पुण्याचा माणूस कसा वाईट, आणि त्यांची अब्रू आता कशी या गावाच्या हातात आहे. अक्काने शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून बायकांना बोलावून आणलं. दुपारपर्यंत तिच्या ओट्यावर गावातल्या निम्म्या बाया जमल्या. उरलेल्या निम्म्यांना या सांगणार होत्या.

मी मधे बसलो आणि विचारलं, "मुली विचारतील, किती वाजता उठता. काय सांगाल?"

एक म्हणाली, "कोंबडा उठाना आगोदर."

"नाही. सहा सांगायचं. पाण्याला किती वेळ?"

"इहीरवर नंबर लागस. दोन-अडीच तास व्हतस."

"पंधरा मिनिटं. दुपारी टेकता का?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रश्न कोणाला समजला नसावा.

"दोन तास सांगा. आणि घरधनी कामात हात लावतो का?"

ओट्यावर जो हशा उठला तो मी गिरणी चालू असतानाही ऐकला असता. अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, "अरे, आमना गावना माणसं जेवाना ताट बी उचलतस नही."

"हो सांगा. भांडी घासतो म्हणून सांगा."

"कोना धनी?"

"सगळ्यांचा. मॅडमसाठी एवढं करा."

"बठ्ठासना?"

"बठ्ठासना. सगळ्यांनी एकच सांगायचं, कोणी वेगळं बोलायचं नाही. एकीने वेगळं सांगितलं की पुण्याचा माणूस तिथेच बोट ठेवेल."

मागे गंगूमावशी बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी. ती सगळ्यांपेक्षा जोरात मान हलवत होती. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, म्हाताऱ्या माणसालाही किती कळकळ.

सोमवारी परत आलो. मंगळवारी, बुधवारी मुली गावात फिरल्या. गुरुवारी गठ्ठा मॅडमच्या घरी आला आणि शुक्रवारी पुण्याचा माणूस उतरला.

मी गिरणीच्या दारातच उभा होतो. मला वाटलं होतं, गाडी येईल, सफारी घातलेला, मिशीवाला कोणी उतरेल. रिक्षातून उतरला एक किडकिडीत माणूस. पन्नाशीचा, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांचं नाव जोग सर. मी मनात म्हटलं, हे असेच जास्त कडक असतात.

मॅडम आत चहा टाकत होत्या तेवढ्यात मी साधलं. कळण्याचं ताजं पीठ, ज्वारीत उडीद घालून दळलेलं, दोन किलो बांधून ठेवलं होतं. वर डझनभर केळी. ओसरीवर जाऊन जोग सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"आमच्याकडची भाकरी खाऊन बघा साहेब. मी शेजारी. मॅडम फार चांगल्या आहेत."

"हो ना. म्हणूनच मी आलो."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? चांगल्या माणसाच्याच मागे लागणारा दिसतो, असा मी घेतला. पिठाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. केळं मात्र एक सोलून खाल्लं आणि म्हणाले, "वा." मला थोडी आशा वाटली.

दुपारी लाइट गेली. लाइट गेली की माझी गिरणी बंद, आणि मधल्या भिंतीपलीकडचं सगळं मला स्वच्छ ऐकू येतं. वर्षातून जेवढ्या पूर्ण बातम्या मला कळतात, त्या अशाच. मी भिंतीला पाठ लावून स्टूल ठेवलं. मुद्दाम नाही, तिथे गारवा असतो.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येत होता. सहा गावं झाली. जोग सर मधे मधे म्हणत, "हे छान. हे पुन्हा विचारायला हवं होतं. हे छान." मग सातवा गठ्ठा सुटला. पहिला कागद, दुसरा, तिसरा. मग पुन्हा पहिला.

"मॅडम, हे गाव कुठे आहे?"

"शिंदखेड्याजवळ."

"माझ्या बायकोला कळू देऊ नका. ती उद्याच सामान बांधेल. चाळीसच्या चाळीस बायका सहाला उठतात. चाळीसच्या चाळीस जणींना पाणी पंधरा मिनिटांत मिळतं. आणि चाळीसच्या चाळीस नवरे भांडी घासतात."

पलीकडे आणखी काही कागद भराभर उलटले.

"हा तेविसावा फॉर्म बघा. गंगूबाई, वय सत्तर. नवरा हयात आहे का? नाही, वारून पंधरा वर्षं झाली. पुढचा प्रश्न, नवरा घरकामात मदत करतो का? होय. भांडी घासतो."

माझ्या पाठीला भिंत एकदम गार लागली.

"मुलींनी बसल्या जागी भरले असतील का हो?" जोग सरांनी विचारलं. "संस्था कशी आहे?"

आणि तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. "मुलींवर माझा विश्वास आहे. बाई बोलेल तेच लिहायचं, आपलं डोकं लावायचं नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तेच केलं. चूक असेल तर माझी. गाव मी निवडलं."

"महिनाअखेर अहवाल द्यायचाय ना?"

"हो. हे गाव असं दिलं तर पुढच्या वर्षाचं काम मिळणार नाही. मिळूही नये."

आणि गठ्ठा पुन्हा बांधल्याचा आवाज आला.

गाव मी निवडलं, म्हणे. गाव मी सुचवलं होतं! आणि त्या चार पोरींच्या नावावर खोटेपणा लागणार होता तो माझा. मी स्टुलावरून उठलो आणि पिठाच्या अंगानेच मॅडमच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, मुलींनी काही केलं नाही. मी गेलो होतो."

"कुठे?"

"अक्काकडे. रविवारी. मी सगळ्यांना शिकवलं."

जोग सरांनी चष्मा काढला. "नवऱ्यांनी भांडी घासायची कल्पना तुमची?"

"हो, साहेब."

"तुमच्या घरी कोण घासतं?"

मी अंगावरचं पीठ झटकायला लागलो.

मॅडम हसल्या नाहीत. "कशासाठी केलंत हे, भाऊ?"

"तुमच्यासाठी. हे तुम्हाला तपासायला येणार, मग तुम्हाला घरी बसवणार..."

"कोण म्हणालं?"

"काशिनाथ. म्हणजे, अर्धं तो म्हणाला."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "हे मला तपासायला आलेले नाहीत, प्रभाकरभाऊ. यांना मी बोलावलंय. तीन जणांकडून माहिती मागवली, त्यात यांना निवडलं. आकड्यांचं यांना कळतं, मला तेवढं कळत नाही. माझं कुठे चुकतंय ते यांनी मला सांगायचं, म्हणून मी यांना नेमलंय."

मला काही केल्या उमगेना. "म्हणजे स्वतःच्या चुका काढायला तुम्ही स्वतःच माणूस आणला? पुण्याहून?"

"हो."

"आणि त्याला मोबदलाही देणार?"

"देणारच. काम आहे ते."

खरं सांगतो, मी तिथेच खाली बसलो. वीस वर्षं मी साहेब येणार म्हणून वजनं घासतोय. काटा खरंच बरोबर आहे का, हे कोणाला तरी बोलावून विचारावं, असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि ही बाई स्वतः रिक्षाने आणून, चहा देऊन, कागद पुढे ठेवून म्हणत होती, सांगा, माझं काय चुकलं.

पुढे काय करायचं, यावर दोघांचं बोलणं झालं. जोग सर म्हणाले, शिकवलेलं गाव पुन्हा विचारून उपयोग नाही, आता त्या बाया खरं सांगतील की दुसरं शिकवलेलं, कळणार नाही. मॅडमच्या यादीत शेजारचं एक गाव होतं, ते घ्यावं. मॅडमनी लगेच जीपवाल्याला निरोप धाडला आणि धुळ्याला फोन करायला एसटीडी बूथवर गेल्या. दोन दिवसांत चाळीस घरं करायची होती.

"मी येऊ का मदतीला? तिथे आमच्या अक्काची नणंद..."

"नाही," दोघंही एकदमच म्हणाले.

मग मॅडम जोग सरांना म्हणाल्या, "सर, नाहीतरी फॉर्म येईपर्यंत तुम्हाला थांबायचंच आहे. दोन दिवस जरा गिरणीत बसाल का? भाऊंकडे लक्ष ठेवा. ते बसस्टँडकडे निघाले तर अडवा."

पुण्याहून नेमून आणलेला माणूस माझ्यावर राखण म्हणून बसवला, बोला.

मॅडम शनिवारी पहाटे गेल्या आणि रविवारी संध्याकाळी धुळीने माखून परत आल्या. चाळीस फॉर्म, चाळीस तऱ्हा. कोणी चारला उठते, कोणी साडेतीनला. एका बाईचा नवरा खरोखरच पाणी भरणारा निघाला, तर सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि सगळं गाव त्याला हसत होतं. जोग सर एकेक कागद बघून मान डोलावत होते. अहवाल महिनाअखेरीच्या दोन दिवस आधीच गेला, आणि पुढच्या वर्षाचं कामही मॅडमना मिळालं.

शिकवलेलं गाव मॅडमनी लपवलं नाही. नाही सांगितलं तरी चाललं असतं, कोण विचारणार होतं? पण त्यांनी लिहिलं, आणि मला वाचूनही दाखवलं. 'एका हितचिंतकाने आधी भेट दिल्यामुळे सदर गाव वगळण्यात आले आहे.' हितचिंतक म्हणजे मी. विद्यापीठाच्या अहवालात माझी नोंद आहे, फक्त नाव नाही, हे मी अजूनही पाहुण्यांना सांगतो.

अक्काचं कार्ड आलं, भाच्याच्या हातून लिहिलेलं. गावातल्या बायांनी नवऱ्यांना सांगितलं होतं की तुमचं नाव कागदावर गेलंय, भांडी घासता म्हणून, पुण्याचा माणूस बघायला येणार आहे. दाजींनी चार दिवस घासली. पाचव्या दिवशी कुठून तरी कळलं की गाव रद्द झालं. तेव्हा अक्काने मला विचारलं होतं, आणखी एखादा माणूस कुठून आणता येईल का?

काशिनाथ पुन्हा दळण घेऊन आला तेव्हा मी गिरणी बंद करून त्याला धरलं. "कोणाला घरी बसवणार, असं तू म्हणाला होतास?"

"मला तरी काय माहीत, भाऊ? ऑफिसातला क्लार्क म्हणत होता. तेवढ्यात घंटा झाली, मी गेलो."

असो. राहता राहिली जोग सरांची गोष्ट.

ते दोन दिवस खरोखर माझ्या गिरणीत बसले. कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर वही. चहा पीत, केळी खात, गिऱ्हाइकांकडे बघत. मला वाटलं, पुण्याचं काहीतरी लिहीत असतील. शनिवार-रविवार, त्यामुळे गर्दी मोठी. मी ऐटीत म्हटलं, "बघा सर, ही रांग. एका गिरणीला आवरत नाही. यंदा दुसरी बसवावी म्हणतो."

"थांबा जरा," ते म्हणाले. "बघू."

सोमवारी जाताना त्यांनी वहीतलं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुम्ही पीठ दिलंत, भाकरी छान झाली. हे माझ्याकडून."

पानावर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. गिऱ्हाईक आलं किती वाजता, दळण ओतलं किती वाजता, गेलं किती वाजता. दोन दिवसांतलं एकूण एक गिऱ्हाईक. चष्मा नव्हता म्हणून मी ते रत्नाकडे दिलं. तिने मोठ्याने वाचलं, रांगेतल्या बायांसमोर.

"एका डब्याचं दळण, पाच मिनिटं. त्याआधी मालकांचं गिऱ्हाइकाशी बोलणं, बारा मिनिटं. दुसऱ्या गिरणीची गरज नाही. डबे घ्यायला दुसरं कोणीतरी बसवावं. मालकांना मागे मोटारीजवळ बसवावं."

रांगेतल्या एका बाईने मान हलवली. मग दुसरीने.

रत्नाने कागदाची नीट घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. त्याच दिवशी तिने स्टूल पुढे ओढलं आणि मला मागे पाठवलं. आता रांग नसते. दळण पटकन होतं, बाया खूश आहेत, आणि पुढे काय गप्पा चालतात ते मोटारीच्या आवाजात मला अर्धंसुद्धा ऐकू येत नाही.

तेव्हा काशिनाथची बातमी खरी होती का, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, अर्धी. पुण्याचा माणूस आला, सगळं तपासलं, बरोबर बोट ठेवलं. पण घरी कोणाला बसवलं नाही. मला बसवलं ते मोटारीजवळ, आणि मोटार घरात नाही, घराच्या मागच्या पत्र्याखाली आहे.